पैसे पोचले, पोच कुठे आहे?

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, की माझ्याकडे पत्रांची रीघ लागते. कुणी वाचनालय चालवतं, कुणी दिव्यांग मुलांची शाळा, कुणी वाडीच्या साकवासाठी पैसे गोळा करतं. संस्था निरनिराळ्या, देणग्यांबाबतचा गोंधळ मात्र वर्षानुवर्षं तोच. प्रशिक्षण वर्गात जे दहादा सांगितलं तेच अकराव्यांदा विचारलं जातं, म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेते आहे. आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. मी इथे सगळ्यांच्या तोंडी असलेलेच जुने क्रमांक वापरते आहे. अर्ज भरताना सध्याचा क्रमांक आपल्या सीएकडून घ्या.

प्रश्न : आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. मग देणगीदाराला करसवलत देणारं ८०जी आपोआप लागू होतं ना? (देवगड)

नाही. धर्मादाय नोंदणी वेगळी, संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी आयकराची १२ए नोंदणी वेगळी आणि ८०जीची मान्यता आणखी वेगळी. शिवाय आयकराच्या या नोंदण्यांना मुदत असते. तुमच्या कागदावरची तारीख आजच बघा आणि मुदत संपायच्या बरीच आधी सीएला गाठा.

प्रश्न : एक बागायतदार दहा हजार रोख द्यायला तयार आहेत. दोन-दोन हजारांच्या पाच पावत्या केल्या तर त्यांना ८०जीची सवलत मिळते, असं आमचे खजिनदार म्हणतात. करावं का? (राजापूर)

करू नका. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जीची सवलत नाही. ती मर्यादा चुकवण्यासाठी एकाच देणगीच्या पाच पावत्या फाडणं म्हणजे खोटा कागद तयार करणं, आणि त्यावर सही तुमच्या खजिनदारांची असणार आहे. बागायतदारांना चेक द्यायला सांगा किंवा संस्थेच्या खात्यावर रक्कम भरायला सांगा. इतकं सोपं आहे ते.

पण त्याआधी त्यांना एक विचारा : कर जुन्या पद्धतीने भरता की नव्या? नव्या पद्धतीत ८०जीची वजावट मिळतच नाही. 'सवलत मिळेल' असं सांगून देणगी घेतली आणि विवरणपत्र भरताना त्यांना ती मिळाली नाही, तर बोल तुमच्या संस्थेला लागतो. धान्य, कपडे, जुने संगणक अशा वस्तूंच्या देणगीलाही ही सवलत नाही, हेही कानावर घालून ठेवा. आणि ८०जीची पावती दिली म्हणजे काम संपलं असं नाही. त्या आर्थिक वर्षातल्या देणग्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, पुढच्या ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क चढत जातं. हे सगळं मार्चमध्येच सीएसमोर मांडा, ३० मेला नको.

प्रश्न : आमच्या गावची बरीच माणसं कुवेत आणि दुबईला आहेत. त्यांच्याकडून शाळेसाठी पैसे घेतले तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो का? कुणी म्हणतं लागतो, कुणी म्हणतं आपलीच माणसं आहेत, काही होत नाही. (दापोली)

'काही होत नाही' हे वाक्य मी किनारपट्टीवर सगळीकडे ऐकलं आहे. कायदा माणूस कुठल्या गावचा हे बघत नाही, पासपोर्ट कुठला हे बघतो. भारतीय नागरिक परदेशात राहत असला तरी त्याने स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. त्याच गावच्या माणसाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असेल, तर ती रक्कम परदेशी देणगी. मग एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच, आणि पैसेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरवून दिलेल्या खात्यातच यायला हवेत.

फसगत बहुतेक वेळा मंडळापाशी होते. तिकडे आपल्याच लोकांनी मंडळ काढलेलं असतं, सगळे मिळून वर्गणी काढतात आणि मंडळाच्या नावाने एकरकमी पाठवतात. परदेशात स्थापन झालेलं मंडळ हा परदेशी स्रोतच, मग त्याचे सगळे सभासद तुमच्या वाडीचे का असेनात. म्हणून प्रत्येकाने आपापल्या खात्यातून वेगळी रक्कम पाठवावी आणि तुम्ही प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावावी. सुट्टीवर आलेल्या कुणाच्या हाती रोख पाठवणं पूर्ण बंद करा. एक रुपयाही घेण्याआधी एफसीआरएचं काम केलेल्या सीएचा लेखी सल्ला घ्या. हे प्रकरण बिघडलं तर फक्त दंडावर भागत नाही.

प्रश्न : आमचं ग्रामीण वाचनालय आहे. दोन वर्षं मुंबईच्या चाकरमान्यांनी भरभरून दिलं, यंदा कुणीच देत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज आवाहन टाकतो. चांगला, मनाला भिडेल असा मजकूर लिहून द्याल का? (संगमेश्वर)

मजकूर लिहून देणार नाही. तुमचं अडलंय ते मजकुरामुळे नाही. दोन वर्षं ज्यांनी दिलं त्यांना पैसे मिळाल्यावर काय कळवलंत, ते मला आधी सांगा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाचनालयाच्या कार्यवाहांबरोबर मी लालबागला एका देणगीदाराकडे गेले होते. गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ, चाळीतली दहा बाय बाराची खोली. देणगीचा विषय निघाल्यावर त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत रबरबँड लावून ठेवलेल्या तीन वर्षांच्या पावत्या होत्या, कार्बनची शाई फिकट झालेल्या. त्यातली एक वर काढून त्यांनी विचारलं, "हे पुस्तकांच्या कपाटासाठी दिले होते. कपाट आलं का?" कपाट येऊन दोन वर्षं झाली होती. वाचनालयाच्या दारातून आत शिरलं की समोर तेच दिसतं. कार्यवाह खाली बघत राहिले. दोन वर्षांत त्या माणसाला एक फोन, एक फोटो, एक पोस्टकार्ड कुणी पाठवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चहा पाजला, पण देणगी दिली नाही. मला त्यात त्यांची काही चूक दिसली नाही.

आपल्याकडे पावतीलाच पोच समजतात. पावती हा हिशेबाचा कागद आहे. पोच म्हणजे तुमचे पैसे मिळाले, त्यांचं अमुक झालं, हे माणसाने माणसाला कळवणं. ती दोनदा द्यायची असते : पैसे आल्यावर दोन दिवसांत, आणि काम झाल्यावर पुन्हा. दुसरी पोच बहुतेक संस्था देतच नाहीत. मी वर्गात सगळ्यांना देणगीदारांची वही आणायला सांगते. नाव, वाडी, मुंबईचा पत्ता, रक्कम, तारीख हे रकाने भरलेले असतात. मग मी दोन रकाने आखायला लावते : 'मिळाल्याचं कधी कळवलं' आणि 'काम झाल्याचं कधी कळवलं'. दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा निघतो. तुमची वही घ्या आणि आज रात्री हे करून बघा.

आता पत्राचं. 'आपल्यासारख्या दानशूर व्यक्तींच्या अमूल्य सहकार्यामुळे' हे वाक्य कायमचं काढून टाका. ते कुणालाही पाठवता येतं, म्हणून कुणालाच आपलं वाटत नाही. असं लिहा : "अण्णा, तुम्ही चतुर्थीला दिलेल्या पाच हजारांत बालविभागाची ४२ पुस्तकं आली. खालच्या वाडीतली मुलं शनिवारी शाळा सुटली की येऊन बसतात. फोटो पाठवतोय, मागच्या खिडकीचं दार अजून मोडकं आहे ते दिसेलच." मोडकी खिडकी लपवू नका. पुढच्या वर्षी तिच्यासाठी मागावं लागणारच आहे, आणि तोवर अण्णांना ती माहीत झालेली असेल.

ग्रुपवरचं रोजचं आवाहन आजपासून बंद. अशा ग्रुपचा आवाज लोक बंद करून ठेवतात, आणि दोनशे जणांकडे एकदम मागितलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा देईल. ज्यांनी आधी दिलंय त्यांना एकेकट्याला फोन करा, आणि पहिल्या फोनवर पैसे मागू नका. दोन वर्षांचा हिशेब सांगा, उशिराबद्दल माफी मागा आणि फोन ठेवा. मागायचं ते शिमग्याला, माणूस गावात आला की वाचनालयात आणून, कपाट दाखवून.

याच किनाऱ्यावरच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली आश्रम काढला. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी त्यांच्या महिला विद्यापीठाला मिळाली ती १९२० साली. मधली दोन तपं काम चाललं ते गावोगाव फिरून मिळवलेल्या लहान लहान देणग्यांवर. पाचशे रुपये देणाऱ्याला पोच न देणाऱ्या संस्थेने पाच लाखांची वाट बघू नये. पुढच्या कार्यकारिणीत हा एकच विषय घ्या आणि पोच देण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठरावात लिहा. तुमचे लेखापरीक्षक जवळपास असतील तर त्यांनाही बसवा. रकमेचा आकडा त्यांच्याकडून पडताळल्याशिवाय कुठलंही पत्र बाहेर जाऊ देऊ नका.

प्रश्न : एक सल्लागार १२ए, ८०जी आणि कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी (सीएसआर) लागणारं सीएसआर-१ असं सगळं पॅकेजमध्ये करून देतो म्हणतात. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून २० लाखांचा प्रकल्पही 'नक्की', फक्त काही टक्के रोख परत द्यायचे. कंपन्यांना ५ टक्के प्रशासकीय खर्च चालतो, त्यात ते बसवता येतं म्हणे. (खेड)

त्यांना दारातूनच परत पाठवा. रोख परत देणं हा गुन्हा आहे आणि कुठल्याही टक्क्यात तो बसत नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तुमच्या संस्थेशी तिचा संबंध नाही. प्रकल्पावरच्या तुमच्या कर्मचाऱ्याचा पगार, त्याचा एसटीचा प्रवास, हे अंदाजपत्रकात उघडपणे दाखवून मागा. कंपन्या देतात.

सीएसआर-१ हा नुसता नोंदणी क्रमांक आहे. तो मिळाला म्हणजे निधी मिळाला असं नाही, आणि निधी 'नक्की' असल्याचं बाहेरच्या कुणालाच सांगता येत नाही. संस्थेला १२ए आणि ८०जी हवं, सहसा तीन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, आणि अर्जावर सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. ज्या कंपन्यांना सीएसआर लागू होतो त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. लोटे तुमच्या तालुक्यातच आहे. तीन वर्षांचे ताळेबंद आणि दोन पानांचं टिपण घेऊन तुम्ही स्वतः जा, मध्ये कुणी लागत नाही. करारावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवा.

प्रश्न : २०२१ च्या पुरानंतर आलेल्या मदतीतले काही पैसे अजून शिल्लक आहेत. त्यातून कार्यालयासाठी संगणक घेतला तर? (चिपळूण)

२२ जुलैला बाजारपेठ पाण्याखाली गेलेली टीव्हीवर बघून लोकांनी ते पैसे पाठवले होते. ते पूरग्रस्तांचे आहेत. इतकी वर्षं पडून राहिले हेच मुळात चुकलं. देणगी ज्या कारणासाठी मागितली त्याच कारणासाठी वापरायची. कारण बदलायचं असेल तर देणगीदारांची लेखी संमती घ्या. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांची रक्कम पूर आणि आपत्तीच्याच कामाला ठेवा : दोर, बॅटऱ्या, लाइफ जॅकेट, वाशिष्ठीकाठच्या वस्त्यांत सराव. आधी सीएला विचारा, कारण न खर्चलेल्या रकमेचा आयकरातही प्रश्न येतो. आणि यापुढे आवाहनातच एक ओळ छापा : 'गरज भागल्यावर उरलेली रक्कम अमुक कामासाठी वापरली जाईल.'

प्रश्न : आमच्या बालगृहातल्या मुलांचे फोटो आवाहनात टाकले तर प्रतिसाद चांगला येतो. चालेल ना? (कणकवली)

नाही चालणार. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. मुलांनी काढलेली चित्रं टाका, त्यांचे हात, स्वयंपाकघर, अंगण टाका. शंका आली तर बाल कल्याण समितीला विचारा.

प्रश्न : वाडीच्या गणेशोत्सव मंडळाची नोंदणी नाही. वर्गणीसाठी सेक्रेटरींच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड मंडपात लावला होता आणि अजून ग्रुपवर आहे. काही अडचण? (गुहागर)

मोठी अडचण. ते पैसे कागदोपत्री सेक्रेटरींचे आहेत, आणि उद्या बँकेने किंवा आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्या एकट्या माणसाला द्यावं लागेल. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली परवानगी घ्यायची असते. ती दर उत्सवाला घ्या. तो कोड आज रात्रीच ग्रुपवरून काढा. जमा आणि खर्च एका कागदावर लिहून त्यावर तिघांच्या सह्या घ्या, आणि सोमवारी तो कागद आणि सेक्रेटरींचं बँकेचं विवरण घेऊन रत्नागिरीच्या धर्मादाय कार्यालयात जा.