फवारणी थांबवा, आधी खत तपासा

तुमचा प्रश्न वाचला आणि फोटो मोठा करून तीनदा पाहिला. वसंताच्या सुरुवातीला नव्या शेणखतात लावलेले टोमॅटो आणि घेवडा, तीन आठवडे जोमदार वाढ, मग एकदम शेंडे आवळले आणि नवी पानं चिंचोळी होऊन नेच्याच्या कोवळ्या पानासारखी आत गुंडाळली गेली. त्याच खतातला मका मात्र हिरवागार. सगळे म्हणतायत व्हायरस आहे, आणि तुम्ही विचारताय की कोणतं औषध फवारू.

कोणतंच नको. निदान पुढचे तीन आठवडे तरी नको.

ऊन, पाणी, निचरा यावर मी काही बोलत नाही, तुमच्या कुंड्या बघून ते तुम्हाला छान जमतंय हे दिसतंय. मी शेतीशास्त्र शिकलेली नाही, आणि नुसत्या फोटोवरून छातीठोक निदान करू नये हेही मला पटतं. पण तुमचा तो मका बघून मला माझा वाफाच आठवला.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच झालं. चौदा टोमॅटो आणि घेवड्याची एक ओळ, सगळं एकाच आठवड्यात वाकडं झालं. मी दोन शेंडे पिशवीत घालून एका सल्ला केंद्रात गेले. समोरच्या माणसाने पिशवी उघडलीसुद्धा नाही. बाहेरूनच बघून म्हणाला, पांढरी माशी, व्हायरस, आणि कीटकनाशकांची छापील यादी हातात दिली. आदल्या रात्री मी भिंग घेऊन पानांच्या मागची बाजू तपासली होती, एकही माशी नव्हती. हे सांगितलं तर उत्तर आलं, "आता नसेल, आधी येऊन गेली असेल." खत कुठलं, माती कधी भरली, बाकीची झाडं कशी आहेत, यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्या दहा मिनिटांचा राग अजून जात नाही, कारण पुढचं सगळं नुकसान तिथून सुरू झालं.

मी तीन फवारण्या केल्या. फरक पडला नाही, म्हणून झाडं उपटली आणि कंपोस्टच्या पिंपात टाकली. "व्हायरस गेला" असं समजून उरलेलं शेणखत बाकीच्या दोन वाफ्यांत पसरलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. एका वाफ्याचं दुखणं मी तीन वाफ्यांना आणि कंपोस्टलाही लावलं, आणि एकाऐवजी दोन वसंत हातचे गेले.

दोष खतात होता. गवताळ कुरणांवर आणि तृणधान्यांच्या शेतात रुंद पानांची तणं मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड, पिक्लोरॅम अशी तणनाशकं वापरतात. गवताला त्यांनी काही होत नाही, म्हणून चारा आणि पेंढा दिसायला उत्तम असतो. जनावर तो खातं, पण औषध पोटात पचत नाही, शेणामुतातून तसंच बाहेर येतं. खत कुजवलं तरी ते बराच काळ टिकतं. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा ही पिकं त्याला इतकी नाजूक की अब्जात काही भाग एवढं प्रमाणही पुरतं. मका पडला गवताच्या कुळातला, तो तसाच उभा राहतो. ब्रिटनमध्ये घरच्या बागांतून अशा तक्रारी इतक्या आल्या की २००८ मध्ये अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली होती.

मला खत देणाऱ्याने शपथेवर सांगितलं की आमच्याकडे कधी काही मारलं नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता. पेंढा बाहेरून आला होता. म्हणून खत घेताना "सेंद्रिय आहे का" हा प्रश्न माझ्या मते निरुपयोगी आहे. चारा आणि पेंढा कुठून आला, आणि त्या शेतात तणावर काय मारलं होतं, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर खत घेऊ नका. कापलेल्या हिरवळीपासून केलेल्या कंपोस्टलाही हेच लागू.

आता तपासणी. खताच्या ढिगातून चार-पाच ठिकाणचं थोडं थोडं खत घ्या, एकाच कोपऱ्यातलं नको. ते स्वच्छ, खत न घातलेल्या मातीच्या मिश्रणात निम्मंनिम्मं मिसळून तीन लहान कुंड्या भरा. दुसऱ्या तीन कुंड्यांत नुसतं स्वच्छ मिश्रण. प्रत्येकीत घेवड्याचे तीन-चार दाणे. दोन्ही गटांच्या ताटल्या वेगळ्या ठेवा, खालून निथळलेलं पाणी एकमेकांत जाता कामा नये. पहिली जोडपानं बघून निकाल लावू नका, ती बऱ्याचदा चांगली निघतात. माझ्या कुंड्यांत एकोणिसाव्या दिवशी तीन दलांचं पान उघडायला लागलं. स्वच्छ कुंडीतलं तळहातासारखं सपाट, खतातलं वाटीसारखं वळलेलं, शिरा जवळजवळ समांतर ओढलेल्या आणि देठाला पीळ. खिडकीत दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा आणखी कोणाला विचारायची गरज उरली नाही.

दुसऱ्या शक्यताही सांगते, नाहीतर मीही त्या केंद्रातल्या माणसासारखीच वागेन. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या बोकड्या या व्हायरस रोगात पानं वरच्या बाजूला वळतात, कडा पिवळ्या पडतात, आणि रोग सहसा एकेक झाड धरत जातो, सगळी एकदम नाही. काकडीच्या मोझॅक व्हायरसनेही टोमॅटोची पानं दोरीसारखी बारीक होतात, तिथे फसायला होतं. फक्त खालची जुनी पानं गुंडाळली असतील आणि शेंडा ठीक असेल, तर बहुतेक ऊन-पाण्याचा ताण. पण टोमॅटो आणि घेवडा ही दोन वेगळ्या कुळांतली झाडं एकाच वेळी, एकाच खतात वाकडी झाली की माझा संशय आधी खतावरच जातो.

घेवडा वाकडा निघाला तर कुंड्यांतलं मिश्रण भाजीच्या वाफ्यात टाकू नका, झाडं कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि उरलेलं खत कोणाला देऊ नका, हे तर अगदी कळवळून सांगते. हे तणनाशक मोडतात मातीतले जीवाणू, आणि त्यांना हवा आणि ओल लागते. ढिगात किंवा बंद पोत्यात ते फार हळू होतं. मी वाफे वरचेवर खणले, ओले ठेवले आणि तिथे मका लावला. पुढच्या वसंतात पुन्हा घेवड्याचे दाणे टाकून बघितले, पानं थोडी वळलीच. त्याच्या पुढच्या वर्षी सरळ आली.

या हंगामाचं म्हणाल तर वेळ घालवू नका. आजच स्वच्छ मिश्रणात टोमॅटोचं नवं बी टाका, निकालाची वाट बघत बसू नका. उशीर झाला की फुलं कडक उन्हाळ्यात येतात, आणि रात्रीचं तापमान २१-२४ अंशांच्या खाली उतरेनासं झालं की फळधारणा घटते, फुलं गळतात. त्या रोपांना जोमासाठी नवं कुठलंही खत घालायचा मोह मात्र आवरा. आणि तो मका उपटू नका, त्याचं काही बिघडलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून एक फोटो टाका, पानांच्या मागच्या बाजूचाही. मी बघीन.