पहिली बॅच, पहिला गॅस ब्रूडर

कोंबडीची पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी) पेटवून बघ, ऐनवेळी धावपळ नको.

पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) पेटला तरी नॉब लगेच सोडू नकोस, अर्धा मिनिट दाबून धर. थर्मोकपल (ज्योतीत ठेवलेली धातूची कांडी) तापलं की त्यातली बारीकशी वीज गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरते. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद. नवखे घाईत नॉब सोडतात आणि 'पीस खराब आलाय' म्हणून दुकानदाराशी भांडतात. वैतागून थर्मोकपलच बायपास करणारेही पाहिलेत. तो उद्योग नको.

- विझला तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांब. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली अंथरलेल्या तुसावर साचतो. वास येत असेल तर काडी ओढायचीच नाही, शेडचे पडदे उघड.
- नळीचे जोड साबणाच्या फेसाने तपास.
- ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बंद करून, गार झाल्यावर बर्नरवरची धूळ काढ.

पडदे गच्च बांधू नकोस. याला धुराडं नसतं, जळालेली हवा शेडमध्येच राहते. वरून फट हवीच. पहिल्या हिवाळ्यात मी गच्च बांधले होते. पहाटे माझं डोकं जड, पिल्लं मलूल.

तापमान पहिल्या आठवड्यात 32 ते 34 अंश. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघ: ब्रूडरखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय.