अमेरिकेत ट्रक चालवायचाय? कंपनीच्या आधी तुझं रेकॉर्ड तू बघ

भावा, तुझा मेसेज नीट वाचला. तू कराडचा, बारा वर्षं अवजड गाड्या चालवल्यास, वहिनींना नर्स म्हणून ग्रीन कार्ड मिळतंय आणि त्यांच्याबरोबर तूही कॅलिफोर्नियाला येतोयस. खंबाटकीच्या बोगद्यानंतर एस वळणावर २०१९ मध्ये अपघात झाला, त्याची केस इथं आडवी येईल का आणि कंपन्या मागचं काय काय बघतात, असं तू विचारलंस. मी तासगावचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोहून द्राक्षं भरून रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा ट्रक चालवतो. एका चुकीच्या नोंदीपायी माझे सात महिने वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तिकडची कामं, कारण इथं आल्यावर ती अवघड जातात. केसमधून निर्दोष सुटलो म्हणतोस, पण निकालाची प्रमाणित नक्कल घेतली नाहीस. ती कोर्टातून आधी काढ. पोलीस स्टेशनच्या नोंदीत केस अजून चालू दिसत असेल तर पोलीस क्लिअरन्स अडकतं, म्हणून नक्कल जोडून तिथं लेखी अर्ज दे आणि पोच घे. मगच पासपोर्ट सेवेवर पीसीसीचा, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज कर. व्हिसाच्या मुलाखतीत केस लपवू नकोस. निर्दोष सुटलेली केस कागदानिशी सांगता येते, लपवलेली केस मात्र खोटेपणा म्हणून अंगावर येते.

मग सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, स्वतःचं लायसन्स उघडून बघ. जुन्या पुस्तकी लायसन्सवरून नोंदी चढवताना हेवी गाडीच्या परवान्याची तारीख चुकलेली किंवा राहूनच गेलेली असते. तसं असेल तर मूळ लायसन्स घेऊन एमएच-५० च्या, म्हणजे कराडच्या आरटीओ ऑफिसात जा, दुरुस्त करून घे आणि लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा उतारा काढ. नावाचंही बघ. आपल्याकडं लायसन्सवर बापाचं नाव मधे असतं, पासपोर्टवर कधी असतं, कधी नसतं. पासपोर्टवर जे आहे तेच इथं चालतं, तेव्हा बाकी कागद त्याच्याशी जुळवून घे.

सगळ्यात किचकट काम मालकांच्या पत्रांचं. इथं सीडीएलच्या, म्हणजे अवजड गाडीच्या लायसन्सच्या नोकरीला गाडीवरच्या कामाचा मागच्या दहा वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडं पगार रोख, हजेरी मालकाच्या डायरीत. ज्या-ज्या मालकाकडं होतास त्याच्याकडून लेटरहेडवर पत्र घे: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती टायरची गाडी, कुठला रूट, आणि उचलला जाईल असा फोन नंबर. मधे चार महिने घरी ऊसतोडीला होतास तर तेही लिही. रिकामी जागा दिसली की रिक्रुटर तिथंच बोट ठेवतो. तारखा सगळ्या अर्जांत एकच हव्यात.

आपल्या लायसन्सवर इथं थेट सीडीएल मिळत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून सरकारी यादीतल्या शाळेतच ट्रेनिंग घ्यावं लागतं, मग परीक्षा. इंग्रजीची तयारी आत्तापासून कर. जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथंच थांबवतात.

आता इथली रेकॉर्डं. पहिलं डॅक, म्हणजे जुन्या कंपन्यांनी तुझ्याबद्दल काय लिहिलं त्याचा रिपोर्ट. माझी पहिली कंपनी सोडताना मी गाडी यार्डात लावली, चावी आणि फ्युएल कार्ड खिडकीतल्या पेटीत टाकलं, डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्याला, मेसेज केला. त्याचं ‘ओके’ आलं. त्यानंतर पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही ठिकाणी आधी गोड बोलणं आणि मग गप्प. शेवटी एका रिक्रुटर बाईनं सांगितलं, तुझ्या डॅकवर ‘गाडी वाटेत सोडून गेला’ असं आहे. मला रात्रभर झोप आली नाही. बारक्या पोराला शाळेत सोडायचं आणि घरी येऊन फोनकडं बघत बसायचं, असे दिवस होते ते.

डॅक वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. मी मागवला, वाद दाखल केला, आणि जोडलं काय, तर तो मेसेज, ते ‘ओके’ आणि इलेक्ट्रॉनिक लॉगचं शेवटचं पान, ज्यावर गाडी यार्डातच थांबलेली दिसत होती. कायद्यानं साधारण ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं. तीन आठवड्यांत नोंद निघाली. निघाली नसती तर माझी बाजू १०० शब्दांत त्याच रिपोर्टला जोडायचा हक्क होता. जुनी कंपनी नव्या कंपनीला जी सुरक्षेची माहिती देते, तीही बघायला मिळते. चूक दाखवली की १५ दिवसांत तिनं दुरुस्त करायची, नाहीतर मान्य नाही असं कळवायचं. हे सगळं लेखीच कर, फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही.

दुसरं पीएसपी, म्हणजे ड्रायव्हरचं सरकारी सुरक्षा रेकॉर्ड. त्यात पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या तपासण्या असतात, चूक कुणाचीही असो. चुकीची नोंद डेटाक्यूज या सरकारी वेबसाइटवर फुकट हरकत घेऊन दुरुस्त होते. मागून कुणी येऊन धडकलं असेल तर पोलीस रिपोर्ट जोडून तिथंच अर्ज कर, ‘टाळता येण्यासारखा नव्हता’ असा शेरा मिळू शकतो. पैसे घेऊन रेकॉर्ड साफ करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना एक डॉलरही देऊ नकोस.

तिसरं क्लिअरिंगहाऊस, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग-अल्कोहोल टेस्टच्या नोंदींचं सरकारी रेकॉर्ड. तिथली नोंद किमान पाच वर्षं राहते आणि टेस्ट द्यायला नकार दिला तरी ती नापासच धरतात. मावा-तंबाखू या टेस्टमध्ये येत नाही. पण कॅलिफोर्नियात गांजा दुकानात मिळतो म्हणून सोबतचे म्हणतील, काही होत नाही. आपल्याला चालत नाही, एकदाही नाही.

खंबाटकीच्या अपघाताचं म्हणशील तर तो पीएसपीत येणार नाही, तिथं इथलेच अपघात असतात. पण अर्जात जिथं विचारलंय तिथं खरं लिही आणि नकलेचं इंग्रजी भाषांतर सोबत ठेव. नक्कल हातात आली की फोटो पाठव. भाषांतरात नाव आणि तारखा पासपोर्टशी जुळतात का, ते मी बघून देतो.