नाव वळणदार पाहिजे, पण वाचताही आलं पाहिजे

वाचकांचे प्रश्न. या वेळी जमलेली बरीचशी पत्रं नक्षीदार फॉन्टबद्दलच होती, म्हणून चार एकत्र घेतलीत.

प्रश्न : ताई, आमचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या मागं. मिस्टर टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि मी घरी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन टाकलंय, आहेराच्या टॉवेलवर नवरानवरीची नावं काढून देते. इंग्लिशमधली नावं मस्त येतात, ते गोल गोल लपेटे असलेलं अक्षर असतं ना तसली. आता बरेच गिऱ्हाईक मराठीत नाव मागायला लागलेत आणि त्यांनाही तसंच वळणदार पाहिजे. चार फॉन्ट उतरवून बघितले, एक नाव छान दिसतं आणि त्याच फॉन्टमध्ये दुसरं नाव एकदम भुंडं, आणि टॉवेलवर काढलं की अर्ध्या रेघा गायब. कुठला फॉन्ट घेऊ?

उत्तर : एक नाव छान आणि दुसरं भुंडं, हे तुम्ही जे बघितलंय ना त्यातच अर्धं उत्तर आहे. इंग्लिशचं लपेटेदार अक्षर खालच्या रेघेवर चालतं, एकाची शेपटी पुढच्याच्या पोटाला लागते, आणि पहिलं कॅपिटल मोठं असतं त्यामुळं त्याला दोन गिरक्या दिल्या की नाव सजलं. आपलं अक्षर शिरोरेघेला लोंबतं, जोडणी वरच्या बाजूला, मग नक्षीला जागा उरते कुठं तर वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. आता 'शुभांगी' लिहा. खाली उकार, वर अनुस्वार, शेवटी दुसरी वेलांटी, त्या वेलांटीला नुसतं लांब वळण दिलं तरी नाव फुलून येतं. आणि 'कमल' लिहा. वर काही नाही, खाली काही नाही, मग फॉन्ट कितीही नक्षीचा असू दे त्याला करायला कामच नाही. म्हणून फॉन्टच्या नमुन्यात जे नाव दिसतं त्यावर भाळून जाऊ नका, तुमच्याकडं आलेल्या मागच्या ऑर्डरींची पंधरा-वीस नावं एका कागदावर त्याच फॉन्टमध्ये काढा आणि कमल, मदन, गगन असली साधी नावं आधी बघा. ती बरी दिसली तर बाकीची दिसणारच. अशा नावांना मी शिरोरेघेची दोन्ही टोकं थोडी लांबवून वळवून घेते, पंचिंगवाल्याला, म्हणजे मशीनसाठी डिझाइनची फाईल बनवणाऱ्याला, सांगितलं की तो करून देतो, आणि तेवढ्यानं नाव उठून दिसतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बोरूनं लिहिलेलं मराठी अक्षर बघितलंय का, वडीलधाऱ्यांकडं जुनी वही असेल तर बघा. बोरूचा कत, म्हणजे टोकाचा तिरपा काप, आपल्याकडं इंग्लिश निबच्या उलट्या बाजूला कापतात, त्यामुळं आपली जाड रेघ वरून उजवीकडनं खाली डावीकडं उतरते आणि इंग्लिशची वरून डावीकडनं खाली उजवीकडं. हे लक्षात न घेता इंग्लिशचा लपेटा जसाच्या तसा मराठीवर बसवलेले बरेच फॉन्ट फिरतायत, सगळं अक्षर तिरकं पाडलेलं आणि जाडी चुकीच्या बाजूला. दिसायला पहिल्यांदा भारी वाटतं पण वाचताना डोळा अडखळतो आणि का अडखळतो ते कळत नाही. गिऱ्हाईकाला इंग्लिश स्क्रिप्टसारखं पाहिजे असतं म्हणजे खरं तर त्याला थाट पाहिजे असतो, तो आपल्या वळणातही मिळतो.

आता गायब होणाऱ्या रेघा. टेरीचे लूप उभे असतात, बारीक टाका त्यात बुडतो. एक मिलिमीटरच्या आतली रेघ टॉवेलवर धरायचीच नाही असं ठरवून टाका. नाव काढताना वरून ती पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म लावा म्हणजे लूप दबून राहतात आणि टाका वर बसतो, आणि शक्य असेल तर नाव लुपावर काढूच नका, टॉवेलला जी सपाट डॉबी बॉर्डर असते तिच्यावर घ्या. बॉर्डर अरुंद असते म्हणजे अक्षर लहान होणार हे खरं, पण वर मात्रा आणि खाली उकार धरून पूर्ण उंची मोजा, नुसत्या मधल्या अक्षराची नको, नाहीतर 'पूजा'चा ऊकार बॉर्डरच्या बाहेर जाऊन लुपात पडतो.

फॉन्टची नावं सांगते. गूगल फॉन्ट्सवर 'यात्रा वन' आहे, मुंबई लोकलच्या स्टेशनांवर हातानं रंगवलेल्या पाट्या असायच्या त्यावरून केलेला, रेघ भरीव आहे आणि वळणही आहे, टॉवेलला मी तोच घेईन. 'बालू' पण चालेल, गुबगुबीत आहे, नक्षी नाही पण लहान मुलांच्या टॉवेलला गोड दिसतो. 'अमिता' सगळ्यात लपेटेदार, पण टॉवेलवर त्याचा बोल्डच वापरा आणि अक्षर मोठं ठेवा. 'रोझा वन' कितीही आवडला तरी टॉवेलला नको, त्याच्या बारीक रेघा केसासारख्या आहेत. 'मोदक'सुद्धा नको, तो इतका जाडा आहे की अक्षराच्या आतल्या फटी दोऱ्यानं बुजतात आणि नुसता गोळा दिसतो. आणि कुठलाही फॉन्ट घ्यायच्या आधी तुमच्याच पत्रातला 'गिऱ्हाईक' शब्द टाईप करून बघा. तो ऱ्ह आपला मराठीचा आहे, हिंदीला लागत नाही, त्यामुळं बऱ्याच फॉन्टवाल्यांनी तो केलेलाच नसतो.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः डिझाइन करतोय. लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतं पण प्रेसमध्ये फाईल उघडली की वेलांट्या भलतीकडं आणि पाय मोडलेली अक्षरं. प्रेसवाले म्हणतात आमच्या फॉन्टमध्ये परत टाईप करू. नाव मला नक्षीदारच पाहिजे, काय करू? — जुळे सोलापूर

उत्तर : भाऊ, परत टाईप करू देऊ नका, आणि करावंच लागलं तर एकेक अक्षर स्वतः वाचा. का ते सांगते. मी नवीन होते तेव्हा एका प्रेसमध्ये कामाला होते, तिथं एक पत्रिका आली, त्यात 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' वर मोठ्या नक्षीच्या फॉन्टमध्ये टाकायचं होतं. त्या फॉन्टमध्ये द्ध हे जोडाक्षर नव्हतं. ध्द मात्र छान बसत होतं, अर्धा ध आणि पुढं द, आणि मी तेच बसवलं. पाचशे पत्रिका छापून झाल्या. नवरदेवाचे आजोबा न्यायला आले, त्यांनी चष्मा लावला, पत्रिकेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, पोरी, आधी द की आधी ध? मला उत्तर देता आलं नाही. आधी द, मग ध, सिद्ध. सगळा गठ्ठा परत छापला, आणि त्या दिवसापासून मी सिद्धेश्वर या शब्दावरच फॉन्ट पास-नापास करते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत आपल्या गावात जेवढे फ्लेक्स लागतात त्यावर बघा, दोन्ही लिहिलेलं दिसेल, आणि ग्रामदैवताचं नाव चुकीचं लागलेलं मला आजही बघवत नाही.

तुमची अडचण अशी आहे की तुमचा फॉन्ट युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एकाच पद्धतीचा, आणि प्रेसचे बहुतेक जुने, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्यात ओतला की कचरा होतो. शिवाय जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठीची जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत. तर मग जुळवणी तुमच्याकडंच पूर्ण करा. इंकस्केप फुकट आहे आणि मराठी बरोबर जुळवतं, अडोबीचं काही वापरत असाल तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मजकूर पक्का झाला की सगळ्याचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, आणि पीडीएफ द्या, म्हणजे प्रेसकडं फॉन्ट असो नसो फरक पडत नाही. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त होत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा आणि कर्व्ह करायच्या आधी घरातल्या दोघांना मोठ्यानं वाचायला लावा.

दोन गोष्टी डिझाइनवाल्यांकडूनही सुटतात. एक म्हणजे इंग्लिशसारखी अक्षरांमधली जागा वाढवायची नाही, शिरोरेघ तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. दुसरी, नाव सोनेरी फॉइलमध्ये घेणार असाल किंवा त्याला बाहेरून आउटलाइन देणार असाल तर कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकसंध करा, कारण शिरोरेघेवर दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात आणि तिथं उभ्या रेघा उमटतात.

फॉन्टचं म्हणाल तर नक्षी फक्त नवरानवरीच्या नावाला, फार तर वरच्या 'शुभविवाह'ला. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, मामा-काकांची नावं साध्या अक्षरात घ्या, 'मुक्ता' घ्या किंवा जरा जुन्या पुस्तकी वळणाचं पाहिजे तर 'टिरो देवनागरी मराठी', तो मराठीसाठी वेगळा केलेला आहे, त्यात आपला पाकळीचा ल मिळतो. नावाला 'अमिता' किंवा 'रोझा वन', कागदावर त्या केसासारख्या रेघाही छान छापून येतात, फक्त फॉइलमध्ये तुटतात. पोथीचा थाट पाहिजे असेल तर 'जैनी' बघा, जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून केलाय, मला तो फार आवडतो. आमंत्रकांत कुणी वकील असतील तर 'ॲड.' हा शब्दही तपासा, ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी नुसता चौकोन उमटतो.

प्रश्न : आमच्या घरात पत्रिका मराठी आणि तेलुगू दोन्हीत असते. मराठी फॉन्ट नक्षीचा घेतला की तेलुगू बाजूला फिकी दिसते. — पूर्व भागातून

उत्तर : तेलुगूला शिरोरेघ नाही, अक्षर मुळातच गोल, त्यामुळं शेजारी शेजारी ठेवलं की मराठी काळी आणि जड दिसते. दोन्हीकडं नक्षी शोधत बसलात तर जोडी जमत नाही. एकाच घराण्यातले फॉन्ट घ्या. 'टिरो देवनागरी मराठी'बरोबर 'टिरो तेलुगू' आहे, 'बालू'चा तेलुगू भाऊ 'बालू तम्मुडू' आहे, 'अनेक' नावाच्या घराण्यात तर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही आहेत म्हणजे अक्कलकोटकडच्या पाहुण्यांसाठी कन्नडही त्याच कार्डात बसेल. नक्षी अक्षरात न घेता भोवतीच्या किनारीत घ्या, आपल्याकडं साड्या-चादरींच्या किनारींना काय तोटा आहे. आणि वर मार्कंडेय महामुनींचं नाव घालणार असालच, तर र्कं नीट बघा, एकाच अक्षरावर रफार आणि अनुस्वार दोन्ही येतात, आणि नक्षीच्या फॉन्टमध्ये ते हमखास एकमेकांत घुसतात. तेलुगू मजकूर घरातल्या तेलुगू वाचता येणाऱ्या मोठ्या माणसाकडूनच तपासून घ्या, डिझायनरच्या भरवशावर सोडू नका.

प्रश्न : आम्ही बचत गटातल्या बायका शेंगा चटणीचं पाकीट काढतोय. नेटवरून एक सुंदर फॉन्ट फुकट मिळाला, लेबलला वापरला तर चालेल का?

उत्तर : फॉन्टबरोबर एक छोटी मजकुराची फाईल येते ती उघडून वाचा. त्यात 'पर्सनल यूज' असं लिहिलेलं असेल तर विकायच्या पाकिटावर तो चालत नाही, करणाऱ्याकडून लायसन्स विकत घ्यावं लागतं, आणि ते घ्यावंच, एकेक जोडाक्षर बसवायला त्या माणसानं महिनोन् महिने घातलेले असतात. 'ओपन फॉन्ट लायसन्स' असेल तर लेबल, बोर्ड, पिशवी सगळीकडं बिनधास्त वापरा, फक्त तो फॉन्टच सुटा विकायचा नाही. वर मी सांगितलेले सगळे गूगल फॉन्ट्सवर या ओपन लायसन्सखालीच आहेत.

लेबलवर नक्षी 'शेंगा चटणी' एवढ्याच दोन शब्दांना. त्यात 'टिल्लाना' किंवा 'यात्रा वन' लाल पिवळ्यावर झकास दिसेल, आणि 'शें'वरचा अनुस्वार मात्रेपासून सुटा दिसतोय ना ते बघा, नाहीतर लांबून 'शेगा' वाचलं जातं. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, घटक हे सगळं साध्या अक्षरात. फूड सेफ्टीच्या नियमाप्रमाणे ही माहिती इंग्लिश किंवा हिंदीत द्यावी लागते, मराठी त्याच्या जोडीनं घालता येते, तेव्हा जागा आधीच धरा. छापायला द्यायच्या आधी लेबलचा साधा प्रिंट काढून रिकाम्या पाकिटाला चिकटवा, पाकिटात चटणी भरा, म्हणजे कागद फुगतो आणि वळतो, आणि किराणा दुकानाच्या फळीवर ठेवून गिऱ्हाईक उभं राहतं तेवढ्या अंतरावरनं गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला वाचायला सांगा. त्यांना वाचता आलं की छापायला द्या.