एचआयव्हीच्या गोळ्यांसोबत प्रतिकारशक्ती वाढवणारी इंजेक्शनं घेतली तर जास्त फायदा होतो का?

नाही. तुम्ही लिहिलंय की भावाचा सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) वाढत नाही म्हणून कुणीतरी इंटरल्यूकिन, म्हणजे या पेशी वाढवणारं इंजेक्शन, सुचवलंय. हे वाचून मला आमचे दाजी आठवले.

माझ्या दादानं 2007 साली सरकारी एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या) सुरू केली तेव्हा सीडी४ 88 होता. दोन वर्षांनी 190. तो इचलकरंजीत मागावर पूर्ण पाळी करत होता, वजन भरलं होतं. पण दाजींना 190 हा आकडा सहन होईना. "आधी पेशी वाढव, औषध नंतर पचेल," म्हणून त्यांनी महिन्याला 2,800 रुपयांची पावडर आणून दिली. दादा थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणणार? त्यानं दहा आठवडे एआरटीच्या गोळ्या बंद ठेवल्या. मग संध्याकाळचा ताप, मानेला गाठी. टीबी निघाला. टीबीच्या औषधामुळे एआरटीतलं नेव्हिरापीन बदलून एफाव्हिरेंझ हे दुसरं औषध द्यावं लागलं. त्या सहा महिन्यांत वहिनीनं एकटीनं घर ओढलं. दाजी मात्र आजही म्हणतात, "पेशी वाढल्या असत्या तर टीबी झालाच नसता."

त्याच 2009 साली दाजींच्या या म्हणण्याचं उत्तर छापून आलं होतं. एस्प्रिट आणि सिलकॅट या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून 5,800 हून जास्त रुग्ण होते. निम्म्यांना फक्त एआरटी, निम्म्यांना एआरटी आणि वर पाच-पाच दिवस इंटरल्यूकिन-2 ची इंजेक्शनं. इंजेक्शनवाल्यांचा सीडी४ खरंच चढला, एस्प्रिटमध्ये सरासरी दीडशेच्या वर. पण आजारपणं कमी झाली नाहीत, मृत्यूही नाहीत. उलट एस्प्रिटमध्ये गंभीर त्रास त्यांनाच जास्त झाले. औषधानं फुगवलेल्या पेशी मोजणीत येतात, पण त्या तितक्याच लढतात असं नाही. दाजी, पेशी वाढूनही माणसं आजारी पडली, हे वाचा!

दादाचा सीडी४ आज 340 वर अडकलाय. टीएलडी (डोल्युटेग्राव्हीर असलेली एआरटीची एकत्रित गोळी) चालू आहे, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतकं कमी आहे, आणि तो ठणठणीत आहे. तुम्ही भावाचा व्हायरल लोड किती ते लिहिलंच नाही. आधी तो बघा.

आता हेही सांगतो की सीडी४ 200 च्या खाली असेल तर तो आकडा हलक्यात घेऊ नका. सेप्ट्रान (इतर संसर्ग टाळण्यासाठी देतात ती गोळी) आणि टीबीची तपासणी चुकवू नका. इंटरल्यूकिन-15 सारख्या रेणूंवर संशोधन चालू आहे, पण ते शरीरात लपलेला विषाणू बाहेर काढण्यासाठी. विकत घेऊन टोचायची ती गोष्ट नाही.

आणि घरात 'इम्युनिटी'च्या गोळ्या आल्याच असतील तर डबी एआरटी केंद्रात दाखवा. त्यात कॅल्शियम, लोह किंवा झिंक असेल तर टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हीर नीट अंगी लागत नाही. टीएलडी अशा गोळीच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी लागते.