फ्लॅट विकताना कोणता एजंट निवडावा: १ टक्कावाला, २ टक्केवाला की 'तुमच्याकडून काहीच नको' म्हणणारा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: कोथरूडचा २ बीएचके, आईच्या नावावर, अपेक्षा ८५ लाखांची, तुम्ही स्वतः बंगळुरूला. एक एजंट १ टक्का मागतो, दुसरा २ टक्के, आणि तिसरा म्हणतो, "काकूंकडून एक रुपया नको, हातात किती हवेत तेवढं सांगा." मी पुण्यातल्या एका सोसायटीची बरीच वर्षं सचिव आहे. फ्लॅट विकला की ट्रान्सफरची फाइल माझ्यासमोर येते आणि त्यात कोणाला काय मिळालं ते बऱ्यापैकी कळतं. त्या अनुभवावरून सांगते.

तिसऱ्याला आधी नाही म्हणा. तिघांत सगळ्यात महाग तोच पडेल. 'हातात किती हवेत' याचा अर्थ, तुमच्या आकड्याच्या वर जे मिळेल ते सगळं त्याचं. आमच्याकडच्या एका आजींनी असाच व्यवहार केला. हातात ७० लाख ठरले होते. मेंबरशिपच्या अर्जाला जोडायला इंडेक्स टूची (नोंदवलेल्या कराराच्या सरकारी गोषवाऱ्याची) प्रत आली, त्यावर मोबदल्याच्या रकान्यात ७३ लाख ५० हजार. आजी मला विचारायला आल्या, "सत्तरच लिहायला हवं होतं ना?" वरचे साडेतीन लाख ठरल्याप्रमाणे एजंटला चेकने गेले होते, म्हणजे दलाली पडली पावणेपाच टक्के. शिवाय घेणाऱ्याकडून त्याने वेगळा १ टक्का घेतलाच. फसवलं म्हणावं तर तसं कागदावर कुठेच नाही, कारण आजी 'हो' म्हणाल्या होत्या. खरी अडचण पुढे आली. भांडवली नफा मोजला जातो तो करारातल्या रकमेवर, म्हणजे साडेत्र्याहत्तरवर. दलालीची रक्कम त्यातून वजा करता येते, पण सीएने बिल मागितलं तेव्हा बिलच नव्हतं. मिळवले एजंटने आणि कर भरायची वेळ आजींवर. मला त्या प्रकाराचा अजूनही राग येतो.

आता पहिले दोन. महाराष्ट्रात दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. पुण्यात रिसेलला एका बाजूकडून १ ते २ टक्के सर्रास मागतात आणि बोलून कमी करतात. ८५ लाखांवर १ टक्का म्हणजे ८५ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १५,३००, एकूण १,००,३००. दोन टक्क्यांना हाच आकडा २,००,६०० होतो. दोघांतला फरक लाखाचा आहे, तो लहान नाही. म्हणून २ टक्केवाल्याला सरळ विचारा, "हा जास्तीचा लाख तुम्ही मला कुठून भरून देणार?" चांगला एजंट याचं उत्तर देतो: इतक्या दिवसांत इतक्या पार्ट्या आणीन, फोटो काढून घेईन, चावी माझ्याकडे ठेवीन, तुम्ही पुण्यात नसलात तरी प्रत्येक भेटीला स्वतः हजर राहीन, घेणाऱ्याच्या बँकेची कागदपत्रं मार्गी लावीन. तुम्ही बंगळुरूला असल्यामुळे या कामांना तुमच्या बाबतीत खरंच किंमत आहे. पुण्यातच राहणारा, वेळ असलेला माणूस असता तर मी १ टक्क्याच्या वर जाऊ नका म्हटलं असतं.

टक्केवारीत न दिसणारी एक गोष्ट आहे. घेणारा ८५ ऐवजी ८३ ला तयार झाला तर तुमचे २ लाख जातात, १ टक्केवाल्याचे फक्त २ हजार. त्यामुळे तुमच्या भावासाठी ताणून धरण्यात त्याला फारसा रस नसतो, त्याला व्यवहार लवकर उरकायचा असतो. यावर मला पटलेला उपाय असा: एका ठरावीक किमतीपर्यंत १ टक्का, आणि त्यावर जे मिळेल त्या वाढीव रकमेवर १० टक्के. समजा ८३ पर्यंत १ टक्का ठरला आणि फ्लॅट ८६ ला गेला, तर त्याला ८३ हजार अधिक ३० हजार मिळतील. एवढ्यासाठी तो मनापासून बोलतो. तिसऱ्या एजंटच्या 'वरचं सगळं माझं' मध्ये आणि यात फरक हा की वाढीचा मोठा वाटा आईच्याच हातात राहतो, आणि कागदावर सगळं उघड असतं.

ती ठरावीक किंमत, म्हणजे वरच्या उदाहरणातले ८३, एजंटला ठरवू देऊ नका. काम मिळावं म्हणून काही जण आधी भाव चढवून सांगतात आणि महिन्याभराने 'मार्केट डाऊन आहे' म्हणून खाली आणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) क्रमांक टाकला की तुमच्याच इमारतीत, शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत झालेले दस्त सापडतात. इंडेक्स टू मध्ये मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. प्रॉपर्टीच्या पोर्टलवर दिसतात ते मागितलेले भाव, इथे दिसतात ते नोंदवलेले. एक संध्याकाळ यात घालवाच.

उरलेल्या दोन्ही एजंटांना आणखी एक प्रश्न विचारा: "दुसऱ्या एजंटची पार्टी, म्हणजे घेणारा, आला तर फ्लॅट दाखवणार का?" कोथरूडसारख्या भागात घेणारा बहुतेक वेळा स्वतःचा एजंट घेऊन येतो. तेव्हा तुमच्या एजंटला फक्त तुमच्या बाजूची दलाली मिळते. स्वतःची पार्टी असली तर दोन्ही बाजूंची. म्हणून बाहेरच्या पार्टीला 'फ्लॅट होल्डवर आहे' असं परस्पर सांगणारे असतात, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. जो फक्त तुमच्याकडून घेतो आणि तसं लिहून देतो, त्याला मी दीड टक्काही आनंदाने दिला असता. शेवटी घेणारा आपली दलालीही धरूनच भाव लावतो, त्याचा खिसा एकच असतो.

तरी चार-पाच एजंटांना एकदम फ्लॅट देऊ नका. एकच फ्लॅट पोर्टलवर ८२, ८५ आणि ९० ला दिसला की घेणारा ओळखतो की मालक घाईत आहे. एकालाच द्या, पण दोन महिन्यांसाठी, आणि मुदत तारखेसह लिहा. आईच्या ओळखीतला किंवा सोसायटीतलाच कोणी घेणार असेल तर दलाली लागणार नाही, हेही त्यातच लिहून घ्या.

दलाली कधी द्यायची, यावर भांडणं फार होतात. टोकनच्या दिवशी काहीही देऊ नका. टोकननंतर घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर होऊन व्यवहार मोडलेले मी पाहिलेत, आणि दिलेली दलाली परत आलेली क्वचितच पाहिली. अर्धी करार नोंदवल्यावर, अर्धी बँकेची पूर्ण रक्कम आईच्या खात्यात जमा झाल्यावर. टोकनही रोख घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

जीएसटीचं एक बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी लावताही येत नाही. लावला तर क्रमांक मागा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकून कोणाच्या नावाचा आहे ते दोन मिनिटांत दिसतं. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या) नोंदणीचंही एजंट सांगतील. ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांसाठी सक्तीची आहे, तुमच्या जुन्या सोसायटीच्या रिसेलला लागेलच असं नाही. पण २०२३ पासून तिला प्रशिक्षण आणि परीक्षा जोडली आहे, त्यामुळे असली तर चांगलंच.

"सोसायटीचं मी बघतो, पन्नास हजार लागतील," असं कोणी म्हणालं तर लगेच थांबवा. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम) जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो, शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. त्याखेरीज हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. देणगीच्या नावाने मागितलं तरी द्यायचं नाही. हे पैसे सोसायटीच्या खात्यात भरायचे, पावती घ्यायची, मध्ये एजंट नको.

घेणारा आईच्या रकमेतून १ टक्का कापेल तो टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरलेला आयकर असेल, त्याची दलालीशी गल्लत करू नका. ५० लाखांपासून पुढच्या व्यवहाराला तो कापावाच लागतो आणि आईच्या पॅनवर जमा दिसतो. आणि दलालीचं बिल आईच्याच नावाने घ्या, तुमच्या नाही. पैसेही तिच्याच खात्यातून जाऊ द्या. फ्लॅट तिचा आहे, नफ्याचा हिशोब तिच्या रिटर्नमध्ये होणार, आणि मुलाच्या नावचं बिल तिथे उपयोगी पडत नाही.