मत देण्याआधी रिमोट हातात घ्या

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. तक्रार दिग्दर्शकाविरुद्ध आणि गुन्हेगार भलताच, असा प्रकार त्यांत वारंवार दिसला.

प्रश्न : ‘संत तुकाराम’ पाहिला. विष्णुपंत पागनीस थोरच. पण सगळी माणसं बुटकी आणि गालफुगी का दिसतात? आणि ‘आधी बीज एकले’ गाथेत का सापडत नाही? (सोलापूर)

कॅमेरा निर्दोष आहे. प्रभातचा हा चित्रपट १९३६चा. त्या काळची चौकट उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद असे. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या नकोत म्हणून टीव्ही चित्र आडवं ताणतो आणि चेहरे ३० टक्के फुगतात. खात्री करायची तर पडद्यावर एखादं गाडीचं चाक किंवा टाळ समोरून दिसेल तिथे थांबा. गोलाचं आडवं अंडं झालं असेल तर सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइज’ किंवा ‘ॲस्पेक्ट रेशो’ उघडून ‘४:३’ निवडा. माणसं उलट काटकुळी झाली, तर पट्ट्या मूळ फाइलमध्येच आहेत. ‘१६:९’वर परत या. ‘झूम’च्या वाटेला जाऊ नका. चेहरे सरळ राहतात, पण वरून-खालून मिळून जवळजवळ पाव चित्र उडतं.

गाथा चाळणं थांबवा. ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं. ते तुकोबांचंच समजून चालणारे तुम्ही एकटे नाही, यातच आठवल्यांची करामत आली.

प्रश्न : नवा टीव्ही घेतल्यापासून मोठ्या बजेटचे चित्रपटही सीरियलसारखे दिसतात. हल्ली कॅमेरामनच बिघडलेत का? (नाशिक)

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर, म्हणजे स्थिर चित्रांवर, चालतो. टीव्ही दोन चौकटींच्या मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो, म्हणून हालचाल तुळतुळीत, मालिकेसारखी होते. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की हेही आपोआप बंद होतं. क्रिकेटला पुन्हा चालू केलंत तरी आमची हरकत नाही.

प्रश्न : संवाद कुजबुजल्यासारखे, गाणं लागलं की शेजारी दार वाजवतात. मराठी चित्रपटांचं ध्वनिमिश्रण इतकं कच्चं का? (ठाणे)

काही चित्रपटांचं असतंही. पण आधी घर तपासा. ‘५.१’ (पाच स्पीकर आणि बाससाठी एक) ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीत सहसा मधला स्पीकर नसतो. सहा वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबताना संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात. त्यात टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले, आणि आपण टीव्ही शोकेसच्या कप्प्यात ठेवलेला! मग ‘स’, ‘श’, ‘च’ लाकडावर आपटून विरतात आणि घुमणारं तेवढं उरतं.

ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय असेल तर ‘५.१’ऐवजी साधा स्टिरिओ घ्या. टीव्हीत ‘सराउंड’ बंद करा, ‘क्लिअर व्हॉइस’सारखं काही असेल तर चालू करा. रात्री ‘नाइट मोड’ लावला की मोठे आवाज खाली येतात, बारीक वर येतात. टीव्ही कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा. एवढ्यानेही भागलं नाही आणि साउंडबार घ्यायचाच झाला, तर आकडा बघा : ‘२.१’मध्ये मधला स्पीकर नसतो, ‘३.१’मध्ये असतो. दुकानात खोली हादरवणारा बास ऐकवतील. तुम्ही बातम्या लावायला सांगा.

प्रश्न : ‘सैराट’ पुन्हा पाहिला. अगदी शेवटी आवाजच गेला. ॲपचा दोष की इंटरनेटचा? (इचलकरंजी)

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.) दोष कुणाचाच नाही. नागराज मंजुळे यांनी खून पडद्यावर दाखवलेला नाही. शेजारीण लहानग्याला घरी सोडते, तो आई-बाबांना बघतो आणि ध्वनी थांबतो. मूल रडतं, पण ऐकू येत नाही. दिसतात ती फरशीवर उमटत जाणारी रक्ताची पावलं. लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालेल्या अजय-अतुलच्या संगीतानंतर ही शांतता कानाला कापते, म्हणून यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. शंका आली तर दहा मिनिटं मागे जा. तिथे आवाज असेल तर शेवटही बरोबरच आहे.

इथे घात करतात त्या दोन गोष्टी. ‘ऑटो व्हॉल्यूम’ शांत जागी आवाज उचलायला जातो आणि बारीकशी खरखर वर आणतो. दुसरी, ॲप श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात ढकलून पुढच्या चित्रपटाची जाहिरात सुरू करतं. पहिलं बंद करा. दुसऱ्यासाठी सेटिंगमधला ‘ऑटोप्ले’ काढा.

प्रश्न : ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाचे दिवे मालवतात, पडदा काळा होतो, संपलं. हा काय शेवट झाला? (अमरावती)

तुम्ही चित्रपट शेवटाआधीच बंद केलात. काळ्या पडद्यानंतर दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे आपल्याला न्यायाधीशांच्या सुट्टीतल्या सहलीला नेतात. न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात, मुलं ओरडून त्यांना दचकवतात, एक पोरगं थप्पड खातं आणि साहेब पुन्हा डोळे मिटतात. लोकशाहीर नारायण कांबळेंचा खटला चालवणारा माणूस बाहेर निवाडा कसा करतो, ते या एका चापटीत दिसतं. पडदा काळा झाला की उरलेली मिनिटं बघा, मगच उठा.

चित्रपट संथ वाटल्याचंही तुम्ही लिहिलंय, आणि तो फोनवर पाहिल्याचंही. इथे कॅमेरा लांब आणि बराच वेळ स्थिर असतो. मुख्य माणसामागे कोण कागद चाळतंय, कोण कंटाळलंय, हे तुम्ही शोधायचं असतं. सहा इंचांवर ती माणसं दिसतच नाहीत, मग कंटाळा येणारच. ४३ इंची टीव्हीपासून साडेपाच फुटांच्या आत बसा. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून पाहिलंत तर फोनपेक्षा फारसं वेगळं हाती लागणार नाही.

प्रश्न : दोन तासांचा चित्रपट डीव्हीडीवर ११५ मिनिटांचा भरला. काय कापलंय? (बेळगाव)

बहुधा काहीच नाही. वेष्टनावर ‘पाल’ (PAL, टीव्हीच्या चित्राची एक पद्धत) लिहिलंय का बघा. त्या पद्धतीत २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ने पळवतात, म्हणून १२० मिनिटं ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतात. आवाजही किंचित चढा लागतो. गाणी पेटीवर वाजवून पाहणाऱ्यांना ते लगेच कळतं. याहून कमी भरली तर मात्र कात्री लागली आहे.